लंडन पाहून आलेला ओळंबा

मी एक जुना ओळंबा आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला गवंड्याच्या हाती पाहिले असेल, पण थांबून निरखले असेल असे वाटत नाही. मी पितळेचा, लिंबाएवढा, खाली निमुळता. माझ्या दोरीत माझ्याच रुंदीची एक लाकडी चकती ओवलेली असते. ती भिंतीला टेकवून मला खाली सोडतात. मी भिंतीला जेमतेम स्पर्श करून राहिलो, तर भिंत सरळ. दूर राहिलो किंवा अंग घासू लागलो, तर ती उतरवून पुन्हा बांधायची. याहून अधिक विद्या मजपाशी नाही.

माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीतला आणि सारे आयुष्य तळेगाव दाभाड्याच्या एका गवंडी घराण्यात गेले. अल्लाउद्दीन मिस्त्रींच्या वडिलांनी मला विकत घेतले, पुढे मिस्त्रींच्या हाती दिले. लोणावळ्याचे बंगले, वराळ्याच्या विहिरीचा कठडा, मशिदीची कमान, देवळाची ओवरी या साऱ्यांपुढे मी सारखीच साक्ष दिली. लोक भिंतीची वाखाणणी करीत तेव्हा आईने पदराने पोराचे तोंड पुसावे तसे मिस्त्री मला उपरण्याने पुसत आणि खिशात ठेवीत.

सन १९३२ साली मिस्त्रींचा मुलगा इकबाल पुण्याचा अभ्यास संपवून, शिष्यवृत्ती मिळवून, इमारतींचे शास्त्र शिकण्यासाठी लंडनला निघाला. त्या दिवसांत मिस्त्रींनी टाकवे बुद्रुकच्या शाळेचे जोते नुकतेच पुरे केले होते आणि भिंती उभ्या राहायच्या होत्या. तळेगावच्या स्टेशनावर गाडी हलण्याच्या बेतात असताना मिस्त्रींनी मला नवी दोरी बांधून इकबालच्या मुठीत दिले.

"अब्बा, हा कशाला? तुम्हाला लागेल."

"तू शिकाया चाललास. आता बांधणारा तू. सांभाळ त्याला."

इकबालला वाटले, बापाने आठवण म्हणून दिले. मलाही तसेच वाटले. आम्हा दोघांची ती चूक होती; परंतु ती कळायला पुष्कळ दिवस जायचे होते.

मित्रांनो, त्या राजधानीचे मी काय वर्णन करू? ज्याने मावळातले डोंगर पाहिले त्याला उंचीचे नवल वाटू नये. पण डोंगर ईश्वराने केलेले असतात. माणसांनी एकेक दगड बसवून इतके उंच उभारावे, हे मी तिथे प्रथम पाहिले. दर रविवारी इकबाल मला कोटाच्या खिशात घालून निघे. वेस्टमिन्स्टरच्या जुन्या दालनात गेल्यावर तो टोपी काढून कितीतरी वेळ मान वर करून उभा राहिला. मध्ये एकही खांब नाही आणि डोक्यावर सागाहून काळवंडलेल्या प्रचंड तुळयांचे छत! "अब्बांनी हे पाहायला हवं होतं," एवढेच तो पुटपुटला. संग्रहालयात त्याने पंख असलेले पाषाणाचे बैल पाहिले. तिथेच जिन्याजवळ आपल्या देशातून नेलेली शुभ्र शिल्पे होती. त्यांच्यासमोर तो इतरांहून अधिक वेळ थांबला. त्या कोरणाऱ्या हातांजवळही माझ्यासारखाच कोणीतरी लोंबत असेल, या विचाराने माझा ऊर भरून आला.

क्यू नावाच्या वनस्पती-उद्यानात संपूर्ण काचेचे एक घर होते. बाहेर बोटे गारठत होती, आत केळी डोलत होत्या. दार उघडताच दमट, उबदार वारा अंगावर आला आणि इकबाल हसला. "हे तर लोणावळं!" तो मोठ्याने म्हणाला. शेजारच्या वृद्ध बाई दचकल्या. मराठी त्यांना कशी कळावी?

पण कुठेही गेला तरी इकबालचा एक नेम चुकत नसे. कोणी पाहत नाही असे पाहून तो मला खिशातून काढी, हात लांब करून दोरी धरी आणि एक डोळा मिटून इमारतीची कड माझ्या दोरीशी ताडून पाही. एकदा थेम्सवरच्या पुलाचा खांब पाहण्यासाठी त्याने मला कठड्यावरून खाली सोडले, तोच मागे एक धिप्पाड पोलीस येऊन उभा राहिला.

"काय महाशय, मासे लागताहेत का?"

"मासे नाहीत, पूल सरळ आहे का ते पाहतो आहे."

पोलिसाने वाकून माझ्याकडे पाहिले. "मग? आहे का?"

"आहे."

"उपकार झाले. आता निश्चिंत होऊन घरी जाता येईल," असे म्हणून त्याने गंभीरपणे सलाम ठोकला आणि तो चालता झाला.

या छंदातच इकबालच्या हातून चूक घडली. लंडनच्या जुन्या महाअग्नीच्या स्मरणार्थ तिथे एक उत्तुंग दगडी स्तंभ आहे. त्याच्या आत तीनशेहून अधिक पायऱ्या. इकबालने मला समोर धरले. स्तंभाची कड वरच्या अंगाला आत झुकलेली दिसली. तो दुसऱ्या बाजूला गेला, तिकडेही तेच. त्याला कोण आनंद झाला! साहेबाचा खांब वाकडा निघाला, आणि तो तळेगावच्या ओळंब्याने पकडला. त्याच रात्री त्याने घरी पत्र धाडले.

सव्वा महिन्याने उत्तर आले. मिस्त्रींना लिहिता येत नसे. ते सांगत आणि इकबालची धाकटी बहीण मुमताज शब्दाला शब्द उतरवून घेई. इकबालने ते पत्र मोठ्याने वाचले:

"इकबाल, लंडनचा खांब वाकडा न्हाई, तुझा डोळा वाकडा हाय. चारी अंगानं सारखं आत येतं त्याला वाकडं म्हणत न्हाईत, निमुळतं म्हणत्यात. देवळाफुडची दीपमाळ तुझ्या आज्यानं दुरुस्त केली. तिच्या सावलीत गोट्या खेळलास, तवा काय डोळं मिटून खेळत हुतास? जा, आणि त्या खांबाच्या गवंड्याची माफी माग."

इकबाल पोट धरून हसला. मग त्याने कागद उलटला. मागे मुमताजने आपल्या मनाने लिहिले होते:

"भाई, हे अब्बांना न सांगता लिहिते. तुम्ही गेल्यापासून त्यांनी थापी हाती धरलेली नाही. टाकव्याचे जोते तसेच उघडे आहे. अब्बांच्या जोत्यावर भिंत घ्यायला मावळातला दुसरा गवंडी तयार होत नाही. परवा टाकव्याचे कोंडाजी पाटील आले होते. म्हणाले, 'मिस्त्री, वळंबाच पायजे ना? पुण्यास्नं नवा आणून देतो की!' अब्बा म्हणाले, 'वळंबा मिळंल हो पाटील. पर आमच्या घरात ज्याच्या हाती ह्यो दिला, त्यो मिस्त्री. देणाऱ्यानं पुन्यांदा भिंत घ्यायची न्हाई. माझ्या बापानं मला दिला, तवापासनं त्यानं दगडावर दगड ठेवला न्हाई.' पाटील चिडले. 'मग पोरांस्नी पावसात बसवू, का लंडनला धाडू तुमच्या मिस्त्रीकडं?' अब्बा नुसते हसले. पण भाई, काल अंगणात अब्बा हात लांब करून, रिकाम्या चिमटीत दोरी धरल्यासारखे बसले होते."

इकबालने मला मेजावर ठेवले. आजोबांनी मला मिस्त्रींच्या हाती दिले तेव्हा तो रांगतही नव्हता. त्याला हा रिवाज कुठून ठाऊक असणार? मीही त्या दिवसापासून मिस्त्रींच्या खिशात; म्हाताऱ्याने थापी ठेवली हे मला तरी कुठून कळणार? ज्याला तो आठवण समजत होता, ते त्याच्या बापाचे सारे काम होते, आणि ते खिशात घालून तो पुलांवर मासे पकडत हिंडत होता. परत जायला अजून दीड वर्ष होते. मला नुसते परत धाडावे, तर दिलेली वस्तू बाप मागे घेणार नाही. त्याने चार पत्रे लिहिली आणि चारही फाडली.

रविवारी तो त्या स्तंभापाशी गेला, टोपी काढली आणि मान लववून उभा राहिला. माफी कोणत्या भाषेत मागितली ते मला ऐकू आले नाही. तिथून तो सेंट पॉलच्या मोठ्या मंदिरात शिरला. त्या घुमटाखाली उभे राहिले की आकाशालाच कोणी हाताने गोलाई दिली आहे असा भास होतो. माझी फार इच्छा होती की त्याने मला तिथे एकदा तरी सोडावे. पण त्या दिवशी त्याने मला बाहेर काढले नाही. खिशातच घट्ट धरून ठेवले. घरी येऊन त्याने पाचवे पत्र लिहिले, बिस्किटांच्या डब्यात लोकर भरून मला तीत निजवले आणि डबा टपालात टाकला.

तळेगावात डबा उघडला तेव्हा कोंडाजी पाटील ओट्यावरच होते. मला पाहताच मिस्त्रींचा चेहरा उतरला. "दिलेलं परत करतोय व्हय?" एवढेच ते म्हणाले, आणि त्यांनी मला हात लावला नाही. मुमताज घाईने वाचू लागली:

"अब्बा, हा परत देत नाही, कामावर धाडतो आहे. टाकव्याच्या शाळेचा मिस्त्री मी. मी इथे अडकलो आहे, म्हणून माझ्या हाताखाली गवंडी तुम्ही. भिंत पावसाळ्याआधी उभी राहिली पाहिजे. मी आल्यावर ओळंबा लावून पाहीन. वाकडी निघाली, तर पाडायला लावीन."

मग मिस्त्रींचे खांदे हलू लागले. मुमताज घाबरली, तिला वाटले, अब्बा रडताहेत; पण ते हसत होते.

"ऐकलंत का पाटील? म्यां शिकवलं, आन् मलाच पाडाया लावतोय!"

"मग बसलायसा काय? मिस्त्रींचा हुकूम आलाय. उठा आता, गवंडी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कान्ह्याच्या स्टेशनावर उतरून टाकव्याच्या वाटेला लागलो. जोत्यावर गवत माजले होते. ते गावातल्या माणसांनी उपटले. चुना कालवला गेला, कोपऱ्याचे पहिले थर बसले. मिस्त्रींनी चकती टेकवली आणि मला सोडले. मी इकडून तिकडे झोके घेऊ लागलो.

"काय म्हणतोय?" पाटलांनी अधीर होऊन विचारले.

"दमा की, पाटील. लांबनं आलाय त्यो. ठरू द्या त्याला."

सारे थांबले. हळूहळू मी ठरलो, आणि दगडाला जेमतेम टेकलो. मिस्त्रींनी मागे हात करून थापी मागितली.

मृगाच्या आधी शाळेवर कौले चढली. मित्रांनो, मी आता थकलो आहे, माझे टोक बोथटले आहे. तरी माझी एकच विनवणी आहे: तुमच्या घरी कोणा वडीलधाऱ्याची थापी, रंधा, कात्री असेल, तर आठवण म्हणून तिला कपाटात कोंडू नका. तिचा खरा हात अजून चालता असेल, तर आधी तिकडे पोचवा.