एका गुरुवारचा साम्यवाद

बिर्कडेल गावात साम्यवाद आणायचा हे ठरलं एल्मर ड्रेगरच्या हार्डवेअरच्या दुकानात, खिळ्यांच्या पिंपावर बसून. एका दिवसापुरताच आणायचा होता. एक मेच्या सकाळी सहाला यायचा आणि संध्याकाळी सहाला जायचा. रशियन लोक विस्कॉन्सिनपर्यंत पोचले तर काय हाल होतील ते लोकांना आधीच दाखवून ठेवावं, असा माजी सैनिक संघटनेचा विचार होता. १९५२ साल होतं आणि असले विचार तेव्हा कुणालाही सुचत.

तयारी जंगी झाली. दिवसभर सगळ्या खाणावळींत कोबीचं पाणीदार सूप आणि काळा पाव एवढंच मिळणार होतं. महापौरांना पहाटे घरातून अटक व्हायची होती. त्यांनी तालीम तीनदा करून घेतली, कारण झोपेच्या कपड्यांत अटक व्हायला ते तयार नव्हते. सगळं जमलं, फक्त कमिसार मिळेना. गावाचा ताबा घेणारा दुष्ट माणूस व्हायला कुणीच पुढे येईना.

"फोटो छापून येणार रे पेपरात," दातांचे डॉक्टर म्हणाले. "एक दिवस कमिसार झालो, तर पुढची दहा वर्षं माझ्यासमोर तोंड कोण उघडेल?"

इतरांचंही तेच. वॉशिंग्टनहून एक साहेब मुद्दाम बघायला येणार होते, आणि वॉशिंग्टनचे साहेब काय काय लिहून नेतात याचा नेम नव्हता. एल्मर स्वतः झाला असता, पण तो संघटनेचा अध्यक्ष. संध्याकाळी सहाला गावाला स्वातंत्र्य मिळवून देणं त्याच्याकडे होतं.

"बाईलाच करू या," रात्री जेवताना तो बायकोला म्हणाला. "बाईचं राजकारण कोण मनावर घेतंय? व्हर्ना, तूच हो."

व्हर्नाने बटाट्यांचं भांडं खाली ठेवलं.

"कमिसारला काय काय करता येतं?"

"काहीही. मालमत्ता जप्त कर. फतवे काढ. जितके जुलमी तितके बरे."

"कुठलेही फतवे?"

"अगं, लोकांच्या अंगावर काटा आला पाहिजे!"

व्हर्ना हो म्हणाली. एल्मरला वाटलं, बायकोचं देशप्रेम. तसं ते होतंही, पण व्हर्नाच्या मनात गुरुवार होता.

युद्धात पुरुष गेले तेव्हा कागदाच्या गिरणीतली यंत्रं बायकांनी चालवली, आणि दर गुरुवारी संध्याकाळी स्टॅन कोसिकच्या बोलिंगच्या हॉलमध्ये त्यांचा संघ खेळे. निळे शर्ट शिवले होते, पाठीवर नावं भरली होती. पुरुष परत आले. त्यांनी यंत्रं घेतली, ते व्हर्नाने सोसलं. मग त्यांनी गुरुवारही घेतला. तेव्हापासून ती एल्मरकडे गुरुवार मागत होती आणि एल्मर "बघू" म्हणत होता. बघता बघता सहा वर्षं गेली. निळा शर्ट आता दंडाला घट्ट होऊ लागला होता.

एक मे गुरुवारीच आला.

सकाळी महापौरांना इस्त्रीच्या सुटात अटक झाली. नवऱ्याचा लष्करी ओव्हरकोट घालून आणि दंडाला लाल फडकं बांधून व्हर्ना नगरपालिकेच्या पायरीवर उभी राहिली. तिने चर्चला कुलूप घातलं, बँक जप्त केली. लोकांनी मनापासून हाय हाय केलं. वॉशिंग्टनचे साहेब, मिस्टर व्हिटकोम्ब, पाइप ओढत भराभर टिपून घेत होते. ते युरोपात बरीच वर्षं राहून आले होते आणि साम्यवाद चांगला ओळखत होते.

दुपारी, गाव दुसऱ्यांदा सूप पीत असताना, भोंग्यातून नवा फतवा आला.

"कोसिकचा बोलिंग हॉल जनतेच्या ताब्यात घेण्यात येत आहे. इथून पुढे दर गुरुवारची संध्याकाळ बायकांची राहील. तक्रार करणाऱ्याला आणखी सूप वाढण्यात येईल."

"काय हे क्रौर्य!" मिस्टर व्हिटकोम्ब खुशीत म्हणाले. "अस्सल आहे अगदी!"

एल्मरची छाती फुगली. मग 'इथून पुढे' हे शब्द त्याच्या डोक्यात शिरले आणि काळा पाव घशात अडकला.

कोसिक हॉलमधून धावत आला. "मिसेस ड्रेगर, हे नाटकच आहे ना? आजच्यापुरतं?"

"क्रांती आजच्यापुरती नसते, कॉम्रेड कोसिक," व्हर्ना म्हणाली. "किल्ल्या द्या."

संध्याकाळी सहाला भोंगा वाजला आणि चौकात लाल झेंड्यांची होळी पेटली. एल्मर व्यासपीठावर रेडिओवाल्याच्या मायक्रोफोनसमोर चढला. "बंधू आणि भगिनींनो," त्याने सुरुवात केली आणि थबकला. चौकात भगिनी जवळपास नव्हत्याच. रस्त्यापलीकडून पिना कोसळल्याचा खडखडाट आला आणि त्यामागून बायकांची आरोळी. रेडिओवाला आपली तार गुंडाळून तिकडे पळाला. त्याच्या मागे बंधूही निघाले. शेवटी स्वातंत्र्याचं भाषण काखेत मारून एल्मरही निघाला.

हॉलच्या सहाही लेनवर बायका खेळत होत्या. ओव्हरकोट खुंटीवर होता. व्हर्ना निळ्या शर्टात गुण लिहीत होती.

"व्हर्ना, सहा वाजले. साम्यवाद संपला."

"माझा डाव व्हायचाय."

"अगं, रेडिओ चालू आहे!"

"मग हळू बोल."

"ओढून बाहेर काढ की, एल्मर," मागून कुणीतरी सुचवलं.

"काढ ना," व्हर्नाची मैत्रीण लोरेटा नोविट्स्की चेंडू पोटाशी धरून म्हणाली. गिरणीत तिने चार वर्षं कागदाचे रोल उचलले होते. "सकाळी महापौरांना असंच ओढलं. आता स्वातंत्र्यवाले बायकांना ओढतील. लोकांना घरबसल्या फरक कळेल."

एल्मरने हात मागे घेतला. मिस्टर व्हिटकोम्ब त्याच्या कानाशी लागले. "निवडणूक घ्या. अशा वेळी आम्ही निवडणूकच घेतो."

एल्मरने नजर फिरवली. पुरुष दुपटीने होते. त्याच्या जिवात जीव आला. "मुक्त मतदान!" त्याने रेडिओसाठी जाहीर केलं. "गुरुवार कुणाचा? हात वर करून!"

"कबूल," व्हर्ना म्हणाली. "पण उपाशी माणसाने मत देऊ नये. पोट रिकामं असलं की माणूस साम्यवादी होतो, असं आपलं सरकार म्हणतं. हो ना, मिस्टर व्हिटकोम्ब?"

"अगदी बरोबर. आधी मदत, मग लोकशाही."

व्हर्नाने मागचं दार उघडलं. बायकांनी आदल्या दिवशी स्वयंपाक करून ठेवला होता. भाजलेलं गोमांस, वर दाट रस्सा, लोण्यातले बटाटे आणि गोड 'ॲपल पाय', तेही एकावर एक रचलेले. हॉल वासाने भरून गेला. पहाटेपासून कोबीवर जगलेले पुरुष एक पाऊल पुढे सरकले.

"मदत बिनशर्त आहे," व्हर्ना म्हणाली. "कुणी कुणाला मत द्यावं यावर काही बंधन नाही. फक्त ताटं मतदानानंतर वाढू. निकाल बघून."

"ही तर लाच झाली!" एल्मर ओरडला.

"छे छे," मिस्टर व्हिटकोम्ब म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत आपलेपणा दाटला होता. "हेच तर आमचं धोरण."

बायकांचा गुरुवार म्हणताच पहिला हात कोसिकचा वर गेला. मग डॉक्टरांचा. मग महापौरांचा, सुटाच्या बाहीसकट. दोन बाप्ये दोन्ही हात वर करून उभे होते, त्यांना एक खाली घ्यायला सांगावं लागलं. एल्मर हात खिशात कोंबून तग धरून होता, तेवढ्यात लोरेटाने त्याच्या नाकाखालून रश्शाचं भांडं नेलं. त्याचा एक हात वर आला, खांद्यापर्यंतच, पण मोजला गेला.

"बिर्कडेलमध्ये मुक्त निवडणुकीत साम्यवादाचा पराभव झालेला आहे," रेडिओवाला सांगू लागला, "आणि नागरिकांनी कमिसारचा फतवा एकमताने कायम ठेवलेला आहे."

"म्हणजे जिंकलं कोण?" एल्मरने विचारलं.

"आपण," मिस्टर व्हिटकोम्ब ताट घेत म्हणाले. "खोलात जाऊ नका. युरोपातही मी जात नसे."

एल्मर ताट घेऊन व्हर्नाशेजारी येऊन बसला. ताटातला रस्सा त्याने बोटाने पुसून संपवला.

"तुला गुरुवारच हवा होता, तर सरळ मागायचास," तो शेवटी म्हणाला.

व्हर्नाने त्याच्याकडे पाहिलं. बोलायला पुष्कळ होतं, पण तिची पाळी आली होती. ती उठली, चेंडू उचलला, चार पावलं धावली आणि सोडला. चेंडू दिमाखात निघाला, अर्ध्यात वाकडा झाला आणि बाजूच्या पन्हळीत पडून पार शेवटपर्यंत गडगडत गेला. एकही पिन हलली नाही.

"हात बसायचाय गं तुझा अजून, कॉम्रेड!" लोरेटा ओरडली.

"बसेल," व्हर्ना म्हणाली आणि शर्टाची दंडावरची घट्ट शिवण उसवायला कोसिककडे कात्री मागायला गेली.