अकरा पट्ट्या

डब्यात मिरगीच्या गोळ्यांच्या अकरा पट्ट्या होत्या, प्रत्येकीत दहा गोळ्या. एकही फोडलेली नव्हती. शिलाई मशीनच्या खणातल्या वहीत मात्र गेल्या महिन्याभरात सात झटके नोंदलेले होते. त्याआधी वर्षभरात एकही नव्हता.

"आत्या, गोळ्या बंद केल्यास?" औषधं तपासायच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या भाचीने विचारले.

"तुझ्या बाबांनीच भर प्रार्थनेत सांगितलं ना! स्वस्तातल्या गोळ्या नकली. त्या खाणं म्हणजे देवाने दिलेल्या देहाशी बेइमानी. महागड्या मला झेपत नाहीत."

भाचीने दुकानातून दोन्ही प्रकारच्या गोळ्या विकत घेऊन प्रयोगशाळेत नेल्या. दोन दिवसांनी जेवताना तिने वडिलांना, म्हणजे प्रार्थनागृहाच्या प्रवचनकारांना, गाठले.

"बाबा, स्वस्त गोळ्या नकली असल्याचा तो मजकूर तुम्हाला वाचायला दिला कोणी?"

"औषध कंपनीचा माणूस आला होता. भला माणूस. चार पंखे दिले त्याने प्रार्थनागृहाला."

"आणि मागितलं काय?"

"एक सही. सरकार परदेशाशी करतंय त्या व्यापार कराराला आमचा पाठिंबा आहे म्हणून."

"करार वाचलात?"

ते भात कालवत राहिले.

"मी वाचला. स्वस्त गोळी बाहेरच्या देशातून येते. तो झाला की ती दहा वर्षं आणता येणार नाही."

"दादा," शेजारी जेवत असलेली आत्या म्हणाली, "पंख्यांचा वारा चांगलाच लागलेला दिसतोय तुला."

भाचीने ताटाशेजारी अहवाल ठेवला. दोन्ही पाकिटांवर छापलेले २०० मिलिग्रॅम; प्रत्यक्षात महागड्या गोळीत औषध १९८ मिलिग्रॅम, स्वस्त गोळीत १९९.

"यंत्र चुकलं असेल."

"तीनदा मोजलं, बाबा. आणि आत्या सात वेळा पडली, तुमच्या शब्दाखातर."

पुढच्या प्रार्थनेला ते उभे राहिले तेव्हा पंखे बंद होते.

"महिन्यापूर्वी मी इथून एक कागद वाचला. तो खोटा होता आणि मी तो तपासला नव्हता. ते पाप माझं. आजाऱ्याच्या तोंडचं औषध काढणाऱ्या कराराला मी देवाच्या नावाने सही देणार नाही. आणि यापुढे मी काही वाचलं, तर आधी विचारा, कागद कोणी दिला."

"गेले पंखे," मागून कोणीतरी पुटपुटले.

"जाऊ देत. घामाने कोणी मेलेलं नाही," पुढच्या रांगेतून आत्या म्हणाली आणि तिने पहिली पट्टी फोडली. रोज दोन गोळ्या.

करार त्याच महिन्यात मंजूर झाला आणि स्वस्त गोळी यायची थांबली.

तिसाव्या रात्री वहीत दोन ओळी होत्या. झटके: शून्य. उरलेल्या गोळ्या: पन्नास.