रांगेत थांबलेला फोटो

मी एक जुना फोटो-प्रिंटर आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटात तळाशी एक जाड स्पंज आहे. तो बाहेरून कुणाला दिसत नाही. जी शाई मी कागदावर न टाकता वाया घालवली, ती सगळी त्या स्पंजात मुरली आहे. निळी, पिवळी, गुलाबी आणि काळी शाई एकत्र होऊन तिचा आता गडद चिखल झाला आहे. त्या चिखलात एका बाईचा चेहरा आहे, असं मला सारखं वाटत राहतं. ती याच घरातली बाई. ती गेली त्याला आता वर्ष होत आलं.

माझा जन्म एका लांबलचक, थंड खोलीत झाला. हातमोजे घातलेल्या एका मुलीने माझ्यात शाई फवारणारा भाग बसवला. त्याला हेड म्हणतात. केसाहून बारीक अशी शेकडो छिद्रं त्याला असतात आणि आमचा सगळा जीव त्या छिद्रांत असतो. तिने माझ्यातून रंगीत पट्ट्यांचा पहिला कागद काढला, दिव्यासमोर धरला आणि शेजारणीला सांगितलं की एकही रेघ तुटलेली नाही. ते माझं पहिलं कौतुक. पुढे खोक्यात पडल्या पडल्या मी ते किती वेळा आठवलं असेल कोण जाणे.

मला विकत घेतलं ते सिस्टरने. ती प्रसूतीच्या दवाखान्यात परिचारिका होती आणि आख्खी गल्ली तिला सिस्टरच म्हणायची. तिचा नवराही तिला सिस्टर अशीच हाक मारायचा, आणि नव्या पाहुण्यांची त्यावर हसून पुरेवाट व्हायची. तो वीज कंपनीत वायरमन होता, म्हणून त्याला सगळे वायरमन म्हणत. त्यांची एक मुलगी होती, ताई. ती लग्नानंतर दूरच्या शहरात राहत होती. तिघांचं घर, त्यातली ही पुढची खोली. खिडकीखाली मी, माझ्याशेजारी कॉम्प्युटर, आणि समोरच्या भिंतीवर बटणांचा बोर्ड. बोर्डाशेजारी केस विंचरायचा एक गोल आरसा.

सिस्टरच्या हनुवटीवर भाजल्याचा एक व्रण होता. दवाखान्यात अवजारं उकळायच्या भांड्याची वाफ लागली होती म्हणे. ती बोलायला लागली की तो व्रण जरासा आत जायचा, त्यामुळे रागावली तरी ती अर्धी हसल्यासारखीच दिसायची. पुढच्या गोष्टीसाठी हा व्रण लक्षात ठेवा.

ती जन्मलेल्या प्रत्येक बाळाचा फोटो काढायची, घरी येऊन माझ्याकडून छापून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या आईला नेऊन द्यायची. फोटोखाली जन्माची वेळ आणि वजन लिहायची तिची पद्धत होती. मजकुराशिवाय एकही फोटो तिने कधी छापला नाही. नवजात बाळाची कातडी छापणं म्हणजे खेळ नव्हे. गुलाबी शाई जरा कमी पडली की बाळ निळसर दिसतं, आणि मग आईच्या काळजाचं पाणी होतं. त्यातलं एक बाळ मी विसरू शकत नाही. ते एकच दिवस जगलं होतं. त्याचा फोटो तीनदा निळा निघाला. सिस्टरने पुन्हा पुन्हा माझं हेड धुतलं, नव्या शाईचा आख्खा संच त्यात संपवला, आणि चौथ्यांदा बाळ गुलाबी निघालं तेव्हा ती माझ्यावर हात ठेवून बराच वेळ नुसती बसून राहिली. मला वाटतं, ते तीन निळे चेहरेही माझ्या स्पंजात कुठेतरी आहेत.

आता माझी खोड सांगतो, कारण मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही. मी जागा झालो की आधी छिद्रं साफ करतो, आणि ती पाण्याने नव्हे, तर शाईनेच. कुणाला विचारत नाही. चक्क शाईच्या गुळण्या करतो आणि ती शाई स्पंजावर थुंकतो. एक फोटो न छापताही मी असा महिन्याभरात संच रिकामा करू शकतो. लोक आम्हाला शाईखाऊ म्हणून नाक मुरडतात ते उगाच नाही.

पण या खोडीला एक उपाय होता. माझ्या अंगावरचं बटण दाबून मला बंद केलं, तर माझं हेड आपल्या जागेवर जाऊन बसतं आणि त्यावर रबरी झाकण टक्‌ करून लागतं. मग शाई सुकत नाही. थेट भिंतीवरचं बटण बंद केलं, तर मात्र हेड वाटेतच उघडं राहतं. छिद्रांतली शाई वाळते आणि पुढच्या वेळी मला दुप्पट गुळण्या कराव्या लागतात.

आणि वायरमन रोज तेच करायचे. दिवेलागणीच्या आधी ते घरभर फिरून भिंतीवरची सगळी बटणं बंद करत. कामाच्या काळात त्यांनी एक घर जळालेलं पाहिलं होतं, एका चालू राहिलेल्या यंत्रामुळे. त्या घरातली माणसं त्यांनीच बाहेर काढली होती. त्याबद्दल ते कधी बोलत नसत, पण त्यांचा हात मात्र काही विसरला नव्हता. सिस्टर आतून ओरडायची, "अहो, आधी त्याचं, मग भिंतीचं." ते "हो हो" म्हणायचे आणि भिंतीचं बटण बंद करायचे. वर्षानुवर्षं हे असंच चाललं. माणूस काळजीपोटी किती नुकसान करतो, हे मी फार जवळून पाहिलं आहे.

मग एक दिवस दुकानदाराने सांगितलं की माझ्या जातीची शाई आता बनत नाही. मागच्या फळीवर एक संच उरला आहे, तो तुमच्यासाठी बाजूला ठेवतो. सिस्टर म्हणाली, घरातला संपला की नेते.

तो संपला एका दुपारी. सिस्टर कॉम्प्युटरवर बराच वेळ काहीतरी करत होती, मध्येच एकटीच हसत होती. तिने मला एक फोटो छापायला पाठवला. मी कागद ओढायला निघालो, आणि तेवढ्यात माझी गुलाबी शाई संपून लाल दिवा लागला. फोटो कॉम्प्युटरमधल्या छपाईच्या रांगेतच थांबला. तो काय होता, हे मी पाहिलंही नव्हतं. "राहू दे," ती मला म्हणाली. "उद्या शाई आणते. पण हा फोटो छापायचाच आहे."

त्या संध्याकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं आणि तिला दवाखान्यात नेलं. तीन दिवसांनी ताई आली, घर माणसांनी भरलं, आणि सिस्टर काही परत आली नाही.

घर रिकामं झाल्यावर वायरमनना भिंतीवर लावायला तिचा फोटो हवा होता. ते स्टुडिओत गेले. तिथल्या माणसाने चांगल्या भावनेनेच तिची हनुवटी गुळगुळीत करून दिली. वायरमन फोटोकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ही कोण? हिला मी ओळखत नाही." दुसऱ्या वेळी व्रण आला, पण चेहरा पिठासारखा पांढरा. तेव्हा त्यांनी ठरवलं की सिस्टरचा फोटो सिस्टरच्याच मशीनवर निघेल. दुकानदाराने बाजूला ठेवलेला तो शेवटचा संच त्यांनी आणला आणि माझ्यात बसवला.

कॉम्प्युटर त्यांना जमत नव्हता. त्याचं बटण त्यांनी सिस्टर गेल्यापासून लावलंच नव्हतं. ते कॅमेऱ्याचं कार्ड थेट माझ्या खाचेत घालायचे, छोट्या पडद्यावर तिचा फोटो निवडायचे आणि कागदाकडे डोळे लावून बसायचे. मी जीव तोडून छापायचो. पण माझी निम्मी छिद्रं वाळली होती. कधी तिच्या कपाळावर पांढऱ्या आडव्या रेघा यायच्या, कधी आख्खा चेहरा हिरवट निघायचा. एकदा फक्त पिवळाच रंग आला. त्या कागदावर तिची नुसती चाहूल होती.

ते सुस्कारा टाकायचे, फोटो खणात ठेवायचे, आणि मग त्यांचा हात बोर्डाकडे जायचा. भिंतीचं बटण बंद. मला ओरडून सांगावंसं वाटायचं की काका, हाच तो हात, हीच ती चूक. पण मला दोन दिवे आहेत, तोंड नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गुळण्या करायचो आणि तिच्या चेहऱ्याला लागणारी शाई पुन्हा स्पंजात जायची.

बिघडलेला फोटो फाडणं त्यांच्या जिवावर यायचं. काही झालं तरी तो तिचाच चेहरा होता. एका दुपारी त्यांनी ते सगळे पलंगावर मांडले. सव्वीस सिस्टर. हिरव्या, निळ्या, अर्ध्या, रेघांमागच्या. सगळ्या त्यांच्याकडे बघत होत्या आणि एकीलाही नीट डोळे नव्हते. वायरमन त्यांच्यामध्ये बसून हळूच म्हणाले, "मला तुझा चेहरा आठवेनासा होतोय गं." त्या दिवशी मला माझ्या पोटातल्या स्पंजाची पहिल्यांदा भीती वाटली.

ताई सुट्टीला आली आणि तिने खण उघडला. ती खाली बसून एकेक फोटो बघत राहिली. मग उठली, कोमट पाणी आणि मऊ कापड घेऊन आली आणि आईने शिकवलं होतं तसं माझं हेड पुसायला लागली. सगळी सकाळ त्यात गेली. शेवटी तिने माझ्या पडद्यावर शाई पाहिली.

"बाबा, गुलाबी संपत आलीय. एक फोटो निघेल. एकच."

वायरमननी होकारार्थी मान हलवली. आईने स्वतः रंग जुळवून ठेवलेला तिचा फोटो कॉम्प्युटरमध्ये असेल, तोच छापू, असं ताई म्हणाली. इतक्या महिन्यांनी त्यांनी कॉम्प्युटरचं बटण लावलं. पडदा उजळला. ताई फोटो शोधायला लागली.

आणि मी कागद ओढला.

वायरमन दचकले. "तू दाबलंस?"

"नाही बाबा. मी हातसुद्धा लावला नाही."

खरंच कुणी काही दाबलं नव्हतं. रांगेत थांबलेला सिस्टरचा तो फोटो तिथेच होता, इतके दिवस. कॉम्प्युटर जागा झाला आणि त्याने तो मला दिला. मी काय करणार? रांगेत पहिला नंबर त्याचाच होता. मीही घाबरलो, कारण शेवटची शाई माझ्यातून जात होती आणि मी काय छापतोय ते मला ठाऊक नव्हतं.

आधी भिंत उमटली. मग बोर्डाचा वरचा कोपरा. ताईला कळेना. तिने रद्द करायचा प्रयत्न केला, जमेना. "बाबा, हा आईचा फोटो नाही. सगळी शाई जाईल," असं म्हणत ती उठली आणि तिने बोर्डाकडे हात नेला, भिंतीचं बटण बंद करायला.

वायरमननी तिचा हात धरला.

"नको," ते म्हणाले. "तिने पाठवलंय. येऊ दे."

मी एकेक ओळ पुढे सरकत होतो. बोर्डावर एक हात उमटला, जाड बोटांचा, नखाजवळ जुनी जखम असलेला. वायरमननी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. बटण बंद करताना सिस्टरने त्यांना मागून, नकळत टिपलं होतं. मग बोर्डाशेजारचा गोल आरसा आला. आरशात, त्यांच्या खांद्यामागे, ती होती. कॅमेरा छातीशी धरलेला, त्यामुळे चेहरा पूर्ण दिसत होता. हसू दाबत होती. हनुवटीवरचा व्रण जरासा आत गेलेला. रंग अगदी तिचा. एकही रेघ तुटलेली नव्हती.

सगळ्यात शेवटी, जिथे ती बाळांची वजनं लिहायची तिथे, तिचा मजकूर उमटला. "अहो, आधी त्याचं, मग भिंतीचं."

कागद बाहेर पडला आणि माझा लाल दिवा लागला. वायरमन फोटो दोन्ही हातांत धरून उभे होते. ते हसले, आणि मग हसता हसता रडले. ताईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. खणातल्या सव्वीस चेहऱ्यांकडे त्यांनी पुन्हा कधी पाहिलं नाही. तो फोटो त्यांनी आरशाखाली, बोर्डाला लागून चिकटवला.

ताई म्हणाली, हा भंगारात देऊ, मी नवा आणते. त्यांनी ऐकलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला महिनोन्‌महिने उपाशी ठेवू नका आणि त्याला न सांगता भिंतीतून त्याचा जीव काढून घेऊ नका. आठवड्यातून एखादं रंगीत चित्र छापा. आणि तुमच्यासाठी रोज तेच ते ओरडणारं माणूस घरात असेल, तर ते आहे तोवर एकदा त्याचं ऐका. मी यंत्र आहे, मला याहून जास्त सांगता येत नाही. स्पंजातला तो चेहरा मला अजूनही वाटत राहतो. तो जात नाही, आणि जावा असंही मला आता वाटत नाही.

रोज सकाळी वायरमन मला चालू करतात. दिवेलागणीच्या आधी ते अजूनही घरभर बटणं बंद करत फिरतात. बोर्डाशी आले की त्यांचा हात फोटोतल्या हातापाशी थांबतो. ते मागे वळतात, माझ्याकडे येतात आणि माझ्या अंगावरचं बटण दाबतात. माझं हेड जागेवर जातं. झाकायला आता माझ्यात थेंबभर शाई नाही, हे मलाही ठाऊक आहे आणि त्यांनाही. तरी झाकण लागल्याचा टक्‌ आवाज येईपर्यंत ते कान देऊन उभे राहतात. मग आरशाकडे बघून म्हणतात, "झालं गं. आता भिंतीचं."