गटाराच्या बाजूचा कोपरा

"तुला गप्प बसायला नेमका काय त्रास होतो, तेजस?" रुपाली मॅडम म्हणाल्या. "तोंड दुखतं का?"

"गप्पच आहे ना. फक्त तुम्हाला विचारतोय."

"अख्ख्या पेठेला ऐकू जाईल असं?"

काल रिंकवर आम्ही तिघंच होतो. मी, आमच्या कोच रुपाली मॅडम आणि माझ्याबरोबर शिकणारी शेफाली. शेफाली पायऱ्यांवर बसून स्केट्सची चाकं पुसत होती आणि ऐकतच नाही असं दाखवत होती.

"रिंकला हा ढाळ मी दिलेला नाही," मॅडम म्हणाल्या. "पाणी साचू नये म्हणून ठेकेदारानं दिला. त्याला जाऊन विचार."

"मग उद्या परीक्षकांना तसं सांगा ना."

"त्यांना डोळे आहेत."

"नुसत्या डोळ्यांना दिसत नाही तो. आपल्यालाच इतकी वर्षं कुठे दिसला?"

मॅडम शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "उद्या तू पास झाला नाहीस तर तुझ्याकडे काय आहे, सांग. दहावी आहे?"

माझं डोकं फिरलं. मी पाण्याची बाटली लाथाडली. ती घरंगळत घरंगळत थेट गटाराच्या जाळीपर्यंत गेली. तिघांनीही बघितलं.

दहावी नाहीये माझ्याकडे. शाळा आणि सकाळची प्रॅक्टिस एकाच वेळेला यायची, आणि वर्गात बसलं की माझे पाय बाकाखाली हलत राहायचे. सरांनी एकदा पायांवरून टोमणा मारला, मी उलटं बोललो, त्यानंतर गेलोच नाही. घरी सांगितलं, मी नॅशनल खेळणार. पप्पा मार्केट यार्डात टेम्पो चालवतात. ते म्हणाले, खेळ. पण नाय गेलास तर माझ्या गाडीवर यायचं.

तेव्हा नॅशनल फार लांब वाटत नव्हती. चाकांवरच्या फिगर स्केटिंगची जिल्ह्याची ट्रायल कायम आमच्याच रिंकवर व्हायची. पहिले तीन राज्याला जायचे, राज्यातले पहिले तीन नॅशनलला. म्हणजे बाकीचे किती वाईट आहेत त्यावर आपलं ठरायचं. जिल्ह्यात आमचाच क्लब पहिला. राज्याला गेलो की मात्र आमचे सगळे धडाधड खाली यायचे. आम्ही म्हणायचो, वशिला. मॅडमपण तेच म्हणायच्या. परतीच्या बसमध्ये सगळे वशिल्याबद्दल बोलायचे आणि वेफर्स खायचे.

यंदा सिस्टीम बदलली. आता कितवा आलास याला अर्थ नाही. टेक्निकल मार्कांची एक रेघ ठरवलीये. ओलांडली की डायरेक्ट नॅशनल. नाही ओलांडली तर पहिला आलास तरी घरी. त्या मार्कांसाठी एक तरी डबल जंप पूर्ण फिरलेली लागते. म्हणजे हवेत दोन गिरक्या, आणि उतरताना पाव गिरकीसुद्धा कमी चालत नाही. कमी पडली तर सिंगलचे मार्क. चान्स दोन. पहिला त्यांनी ठरवलेल्या हॉलमध्ये, दुसरा जो क्लब रिंक देईल तिथे.

पहिला चान्स बाणेरकडच्या एका हॉलमध्ये झाला. लाकडी फ्लोअर, एकदम सपाट. आमच्या क्लबचे सगळे उडाले. मी, शेफाली, सगळे. आणि सगळ्यांची चूक एकच. पाव गिरकी कमी. कॉपी करताना पकडल्यासारखे सगळे एकसारखे पडलो. मॅडम म्हणाल्या, नवीन फ्लोअर आहे, घाबरलात.

मी घाबरलो नव्हतो. मला राग आला होता. तो दुसऱ्या दिवशीपण उतरला नाही म्हणून मी सकाळी लवकर रिंकवर गेलो, तर माळी पाइप लावून रिंक धूत होता. पाणी पायऱ्यांकडून निघालं आणि भिंतीकडच्या गटाराला गेलं. ते जाताना मला आमच्या जंपच्या खुणा दिसल्या. जंप मारून उतरलं की चाकांचा काळा ओरखडा राहतो. सगळेच्या सगळे ओरखडे गटाराच्या बाजूच्या कोपऱ्यात. वरच्या बाजूला एक नाही. कित्येक वर्षांची पोरं, आणि सगळ्यांनी पाणी जातं त्याच दिशेनं उड्या मारलेल्या. तिकडे जंप नीट बसते, म्हणून तिकडेच मारायची. का बसते, हे कोणी विचारलं नाही. खाली उतरताना स्पीड आपोआप मिळतो, आणि जमीन जरा उशिरा लागते. तेवढ्यात ती पाव गिरकी होऊन जाते.

मी तसाच ओला फ्लोअर वाळायची वाट बघत बसलो. वाळल्यावर आडवा गेलो. गेटकडून चेंजिंग रूमकडे. त्या दिशेला ढाळ लागत नाही, सपाटच असल्यासारखं. जंप मारली. पाव गिरकी कमी. परत मारली. परत कमी. कोपर सोललं तेव्हा थांबलो.

मॅडमना सांगितलं तर त्यांनी त्याच दिवशी फोन करून दुसऱ्या चान्ससाठी आमचा रिंक देऊन टाकला.

काल बाटलीला लाथ मारून निघालो तो मार्केट यार्डात गेलो. पप्पा कांद्याच्या गोणी उतरेपर्यंत केबिनमध्ये बसले होते. त्यांना सगळं सांगितलं.

"म्हंजे रिंक वाकडा हाय," पप्पा म्हणाले, "त्याचा तुला फायदा मिळतोय, आणि तू रडतोयस."

"रडत नाहीये."

"मग घे की फायदा. आपल्याला कोण कधी देतंय."

"पण नॅशनलला सपाटच असणार ना. तिकडे सगळ्यांसमोर आपटेन."

"आपट. नॅशनलला आपटला असं तरी सांगीन लोकांना." त्यांनी शेजारची सीट फडक्यानं पुसली. "न्हाय तर ही मोकळीच हाय."

ते वाईट बोलले नाहीत. तेच जास्त वाईट होतं. ती सीट माझ्या मापाची आहे, आणि दार आतून उघडत नाही. बाहेर हात काढून उघडायला लागतं. मी उघडलं आणि घरी जायला कात्रजची बस पकडली.

आज सकाळी दोन परीक्षक आले. एकानं रिंकवर बूट घासून बघितला आणि म्हणाला, "छान ठेवलाय हो रिंक." मॅडम म्हणाल्या, "चहा घेणार ना?"

शेफालीचा नंबर आधी होता. नेहमीसारखी पायऱ्यांकडून आली, गटाराच्या कोपऱ्यात डबल मारली, मस्त बसली. मार्क आले, रेघेच्या वर. तिची आई रडायला लागली. शेफाली धापा टाकत माझ्या शेजारी येऊन बसली.

"आता तोंड उघडलंस तर मारीन," ती म्हणाली. "माझं झालंय."

"नॅशनलला काय करशील?"

"नॅशनलचं नॅशनलला. आधी जाऊ तर दे. तुला सारखं सगळं आधीच का कळतं रे?"

तिचंही बरोबर आहे. मी परीक्षकांना सांगितलं तर ती गेली. मॅडमचा क्लब गेला. आत्ताच तीन पोरांच्या आयांनी फीबद्दल विचारणं बंद केलंय, म्हणजे ते सोडणार. आणि मी गप्प बसून त्या कोपऱ्यात उडी मारली तर मी पास. मग आयुष्यभर त्याच कोपऱ्यात. मी इकडे वळलो तर मॅडम, तिकडे वळलो तर टेम्पो.

मी उठून गेटच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. मॅडमनी लांबून बघितलं आणि भराभर आल्या.

"सुरुवात पायऱ्यांकडून आहे."

"आज इथून."

त्यांनी गेटकडे बघितलं, मग समोर चेंजिंग रूमकडे. त्यांना कळलं. चेहरा एकदम उतरला.

"आडवं गेल्यावर बसते तुझी?"

"कधीकधी."

"कालपासून किती वेळा?"

"कधीकधी म्हणालो ना."

"तेजस, हा शेवटचा चान्स आहे. मी तुझ्यासाठी रिंक दिला."

"माहितीये. मी कोणाला काही सांगत नाहीये. शेफालीचं झालंय, ते झालंय. मी फक्त इकडून जातोय."

"आणि नाही बसली तर?"

"तर सोमवारपासून कांदे."

त्या हसल्या नाहीत. माझ्या डाव्या बुटाची लेस सुटली होती. त्या खाली बसल्या आणि आवळून बांधली, पाच वर्षांचा होतो तेव्हा बांधायच्या तशी, दोन गाठी. मग उठून म्हणाल्या, "खांदा आत ठेव. घाई करू नकोस. तिकडे कोणी ढकलणार नाहीये तुला."

माईकवर माझं नाव घेतलं. दुसऱ्यांदा घेतायत. जायला लागेल आता.