अंगाऱ्याखालचा खटका

केशोराव महाराजांनी लॅपटॉपवर अंगारा शिंपडला, तेव्हा चिचगडच्या आमच्या ऑनलाइन सेंटरात पन्नासेक माणसं श्वास रोखून उभी होती. सगळी धानाच्या नोंदणीला सातबारे घेऊन आलेली, नेट नाही म्हणून अडकलेली.

"तरंगदेवा, सुट!" महाराज ओरडले, लॅपटॉपच्या पुढच्या कडेवरून अंगाऱ्याचा अंगठा घासला आणि विझलेला निळा दिवा लागला. नेट आलं! जयजयकार झाला.

मग महाराजांनी माझ्या कडेवरच्या सात महिन्यांच्या दुर्गेश्वरीकडे बोट केलं. "दसऱ्याले ही पोट्टी मायच्या माहेराहून घरात आली अन् त्याच दिवशी नेट गेलं. पायगुण! दूध तोडा, वर्षाची होईपर्यंत मामाकडे ठेवा. नाई तर नेट पुन्हा बांधल्या जाईन."

लॅपटॉपवरून आशीर्वादाचा हात फिरवून ते निघाले. त्यांची मोटरसायकल वळणाआड जायच्या आत नेट पुन्हा गेलं. सासूबाईंनी पिशवीत दुर्गीची झबली भरायला घेतली. माझा नवरा टेकचंद जमिनीकडे बघत म्हणाला, "रविवारी मामाले बोलावतो, महाराजालेही पुन्हा आणतो."

दुपारी दुर्गी झोपली की मला चाळीस मिनिटं मिळतात. तेवढ्यात लॅपटॉप मांडीवर घेतला. मोबाइलवर तेच वायफाय धडधडीत चालू होतं, म्हणजे दोष लॅपटॉपचाच. बंद करून चालू केला, तरी नेटवर्कची यादी रिकामी. मग दिसलं, पुढच्या कडेच्या खाचेत अंगारा साचला होता. दुर्गीच्या लंगोटाच्या टोकानं पुसला. खाली नखाएवढा खटका. सरकवला, निळा दिवा लागला.

दसऱ्याला पूजेआधी सासूबाईंनी ओल्या फडक्यानं लॅपटॉप खसाखसा पुसून हळदकुंकू वाहिलं होतं. तेव्हाच खटका सरकला असणार. त्यांचा हात भोळा होता, महाराजांचा अंगठा नव्हता.

घरातल्या घरात सांगता आलं असतं. पण माझ्या पोरीचं दूध तोडायला निघालेल्या माणसाला मला पन्नास माणसांपुढेच उघडं पाडायचं होतं. खटका बंद केला आणि वर पारदर्शक चिकटपट्टी घट्ट लावली.

रविवारी तीच माणसं सातबारे घेऊन पुन्हा जमली आणि महाराजांनी अंगठा घासला. काही नाही. पुन्हा घासला.

"घासा ना महाराज," मी म्हटलं, "तरंगदेव झोपले का?"

"विटाळ हाय येथी!"

"विटाळ नाई, चिकटपट्टी हाय. अंगठ्याले लागली नाई का?"

म्हातारे बिसरामकाका पुढे सरकले. "कायले घाम येऊन राहिला गा, महाराज?"

मी पट्टी ओढून काढली, दुर्गीचं बोट खटक्यावर ठेवलं आणि सरकवलं. निळा दिवा लागला. दिव्याकडे बघून माझी बाय खुदकन हसली.

"वायफायचा चालू-बंद खटका होय हा. आई, फडक्यानं सरकला, तुमची चूक नाई. पण या माणसाले तो ठाऊक होता. आशीर्वाद देता देता यानंच बंद केला."

"तरीच!" बिसरामकाका म्हणाले. "आधी दुरुस्तीच्या दुकानात बसे हा!"

महाराज उठले. मी दारात उभी राहिले. "असं नाई जायचं. पायगुण काढला ना? त्याच पायाले हात लावून सांगा, खोटं बोललो."

पन्नास माणसं बघत होती. महाराज वाकले. "खोटं बोललो," असं पुटपुटले. दुर्गीच्या टाचेला लागलेला अंगारा मी लगेच पदरानं पुसला. आत सासूबाई पिशवीतून एकेक झबलं बाहेर काढत होत्या.

बायांनो, यंत्र बंद पडलं तर आधी दिवा बघा, खटका बघा, कळत नसेल तर शिकलेल्या माणसाला विचारा. आणि कोणी तुमच्या लेकराकडे बोट दाखवलं, तर लेकराकडे बघू नका. त्या बोटाला काय लागलंय ते बघा.