खेकड्याच्या पिल्लांचा तक्ता

मित्रांनो, मी शाळेतला एक जुना, कापडी तक्ता आहे. माझ्या अंगावर समुद्रातल्या कवचधारी प्राण्यांची पिल्लं छापलेली आहेत. कोळंबीचं पिल्लू एका डोळ्याचं, सहा पायांचं. शेवंडीचं, म्हणजे लॉब्स्टरचं, पानासारखं चपटं, आरपार दिसणारं. खेकड्याचं तर विचारूच नका: मोठाले डोळे, पाठीवर लांब काटा, मागे शेपूट. एकाचंही रूप आईबापाशी जुळत नाही. मुंबईहून समुद्रापासून लांब, चोरखमारा तलावाजवळच्या शाळेत आलो, तेव्हा मुलं तोंडात बोट घालून बघत आणि मी फुशारून जाई.

अगदी खाली एक ओळ होती: 'फक्त समुद्रातील प्राणी'. एका उन्हाळ्यात वाळवीने माझी खालची काठी खाल्ली. सुताराने नव्या काठीवर ती ओळच गुंडाळून खिळे ठोकले. मला त्याचं काही वाटलं नाही. पुन्हा भिंतीवर मिरवायला मिळालं, एवढंच मी पाहिलं. आज त्याची लाज वाटते.

१९३८ च्या पावसाळ्यात तुलसा ही मासेमारी करणाऱ्या ढिवरांची मुलगी चौथीत होती. तिच्या घरातून शाळेत आलेली ती पहिलीच. यादोराव गुरुजींनी माझ्यावरच्या खेकड्याच्या पिल्लावर छडी ठेवली, तशी ती उठली.

"असं नाही रायत गुरुजी. खेकडीच्या पोटाखालची पिल्लं खेकड्यावानीच रायतेत. धानाच्या बांधीत रोज पायतो आमी."

"छापलेलं खोटं अन् तू खरी? काऊन खोटं बोलून राहिली?"

गुरुजींनी तिला अंगठे धरून वाकवलं. मुलं हसली. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांबद्दल तिचं खरं होतं आणि समुद्रातल्यांबद्दल माझंही खरं होतं, पण ते सांगणारी ओळ माझ्याच काठीत दडपलेली होती. दुसऱ्या दिवसापासून तुलसा आली नाही.

पंधरा दिवसांनी गंजलेले खिळे सुटले. गुरुजींनी ओळ वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. मला काखेत मारून ते थेट धानाच्या शेतात, बांधीवर गेले. तुलसा चिखलात खेकडे धरत होती. तिने एक खेकडी उलटी करून पोटाखालची झडप उघडली. आत इवलेइवले खेकडेच वळवळत होते.

"पोरी, चुकलो मी."

"मले कायले सांगता? ज्या पोरायसमोर मी वाकली, त्यायले सांगा."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी भरल्या वर्गात चूक कबूल केली. तुलसा मात्र परत आलीच नाही.

मित्रांनो, आम्हा तक्त्यांना जपा, वाळवीपासून वाचवा. पण एखादं मूल उठून 'असं नसतं' म्हणालं, तर शिक्षा करण्याआधी त्याच्याबरोबर बांधीपर्यंत चालत जा.