गल्लीखालचा ओढा

काकू काजं-बटणं करायच्या, समोरचे शिंपीमास्तर कापड बेतायचे. मधे गल्ली, आठ पावलांची. मास्तरांनी शिवलेला सदरा गल्ली ओलांडून काकूंच्या उंबरठ्यावर यायचा आणि काजं लेवून माघारी जायचा.

निवडणुकीच्या नकाशात मात्र मास्तर एका प्रभागात आणि काकू दुसऱ्या. मास्तरांचं मतदान कोपऱ्यावरच्या शाळेत, काकूंचं थेट हमरस्त्यापलीकडे. गुडघे रुसल्यापासून दोन निवडणुका काकूंचं मत घरीच राहिलं होतं. गल्लीतला दिवा कधीचा बंद. इकडचा नगरसेवक तिकडे बोट दाखवायचा, तिकडचा इकडे.

“मत देत नाही, मग तुमचं ऐकणार कोण?” मास्तर डिवचायचे.

“न्या की मग उचलून.”

“चौघे लागतील काकू. आणि चौघांनी उचललं, तर लोक भलतंच समजतील.”

यंदा नव्या हद्दींचा कच्चा नकाशा लागला. हरकतींना पंधरा दिवस. काकूंनी सुनेकडून अर्ज लिहवून घेतला: आमची गल्ली मधोमध कापली आहे, ती जोडून द्यावी.

आठवड्याने नकाशेवाले साहेब गुंडाळी घेऊन आले. गल्लीच्या मधोमध उभे राहून इकडेतिकडे बघू लागले.

“हद्द ओढ्यावरून आखली आहे. ओढा कुठाय?”

“ओढ्यातच उभे आहात,” काकू सुईत दोरा ओवत म्हणाल्या. “पाय तेवढे भिजायचे नाहीत.”

मास्तरांनी दुकानासमोरचं लोखंडी झाकण दाखवलं. साहेब खाली बसले, कान लावला. आत पाणी चाललं होतं, आपल्याच नादात, एकटं.

“मी लग्न होऊन आले तेव्हा उघडा होता,” काकू म्हणाल्या. “मास्तरांच्या आईशी ओरडून बोलायचे मी. मग वर फरशी पडली. पाणी खाली गेलं, माणसं जवळ आली. तुमचा नकाशा तेवढा अजून काठावरच उभा आहे.”

साहेबांनी गुडघे झटकले. “हमरस्त्यावरून हद्द नेली तर?”

“न्या,” मास्तर म्हणाले. “तो रस्ता जीव मुठीत धरल्याशिवाय कोणी ओलांडत नाही.”

साहेबांनी पेन्सिलीने खूण केली. पक्का नकाशा लागला, तेव्हा गल्ली अख्खीच्या अख्खी शाळेच्या प्रभागात होती.

मतदानाच्या सकाळी काकूंनी अर्ध्या काजात सुई टोचून ठेवली आणि निघाल्या. वाटेत दोनदा थांबल्या. रांगेत गल्लीच्या दोन्ही बाजू एकामागे एक उभ्या होत्या. गेल्या खेपेला घरी बसलेल्या दोघीतिघी आज काकूंच्या पुढे होत्या.

परत आल्या, तेव्हा मास्तरांनी ओतून ठेवलेला चहा अजून कोमट होता.

“चौघे नाही लागले,” काकू म्हणाल्या.

“आणि दिव्याचं?”

“आता नगरसेवक एकच. बोट दाखवील कुणाकडे?”

सदरा पांढरा होता आणि बोटावरची शाई ओली. ते बोट उंच धरून काकूंनी उरलेलं काज पुरं केलं.